लागणे

चौघींत मिळून एकच काळा ब्लेझर,
विचिटातल्या जुन्या कपड्यांच्या दुकानातून
अकरा डॉलरला आणलेला.
कॉलरच्या आत कुणीतरी दोऱ्याने नाव घातलंय: डोरीन.
शिरीषाला तो खांद्यात काचतो,
उल्काची बोटं बाह्यांत बुडतात,
जसलीन बटणं लावायच्या भानगडीत पडत नाही.
मला मात्र शिवून घेतल्यासारखा बसतो,
म्हणून तिघी म्हणतात, पहिली तूच.
सप्टेंबरपासून म्हणतायत.

फ्रिजवर कागद आहे:
सोमवार दहा, उल्का, बँक, व्हिडिओवर
(खाली पायजमा चालेल).
मंगळवार, शिरीषा. कोट इस्त्री करून ठेवणे.
बुधवार, रोजगार मेळावा, सगळ्याच.
तासातासाने बदलू.

मला एक ते दोन मिळाला.
बास्केटबॉलच्या कोर्टावर टेबलांच्या रांगा,
वर न पेटवलेला स्कोअरबोर्ड.
या गावात विमानं घडतात
जशी आमच्या तांबट आळीत पातेली,
रस्त्यावरून जाताना ठोके ऐकू येत नाहीत, एवढंच.
मी पंखांची विद्यार्थिनी.
धातू थकतो तेव्हा पहिली चीर कुठे जाते,
त्यावर दोन वर्षं घालवली.
टेबलामागचा माणूस खुलला,
खुर्ची पुढे ओढून त्याने दोन प्रश्न जास्तीचे विचारले,
आणि मग तिसरा, ठरलेला:
नागरिक आहेस का इथली?
नाही म्हटल्यावर त्याने माझा कागद
अगदी हळू, झोपलेल्या बाळासारखा,
पालथा ठेवला.
आणि मला पेन दिलं. चांगलं होतं पेन.
अजून लिहितं.

आई बार्शीहून दर रविवारी विचारते,
लागलं का गं काही?
नोकरी हा शब्द ती उच्चारत नाही,
दृष्ट लागेल म्हणून.
आपल्याकडे सगळं लागतंच:
भूक, ठेच, उचकी, कोर्टात तारीख,
दुधाला करपट वास.
आपण उभे असतो, ते येऊन लागतं.
इथली मुलं मात्र नोकरी लँड करतात,
स्वतःच चालवत आणून, धावपट्टीवर, चाकं खाली.
मी एकशे चौऱ्याहत्तर अर्ज हवेत सोडलेत.
घिरट्या घालतायत.
कंट्रोल टॉवरमधून एकच उत्तर, तेही आपोआप येणारं:
आपल्या स्वारस्याबद्दल आभार.

एकशे पंचाहत्तरावा पंखांचा नव्हता.
धान्याच्या उंच कोठारांत गहू वर चढवणारे पट्टे
बनवणारा कारखाना, गावाबाहेर.
उन्हाळ्याचे तीन महिने, तासावर पैसे.
बस जिथे संपते तिथून पुढे मैलभर चालायचं.
वारा असा, की कॅन्ससमध्ये झाडं का नाहीत
हे पुस्तकात बघावं लागत नाही.
फाटकापाशी बर्फावर पाय गेला
आणि मी डोरीनच्या कोटासकट आडवी.

समोर बसलेल्या बाईंनी फाईल उघडली,
माझ्या गुडघ्याकडे पाहिलं, फाईल मिटली,
खणातून पट्टीची डबी काढून पुढे सरकवली.
मी पट्टी लावत असतानाच विचारलं,
तुमच्या एखाद्या अपयशाबद्दल सांगा.
घोकलेलं उत्तर होतं माझ्याकडे,
अपयशातून शिकल्याचं, चार मुद्द्यांचं.
मी म्हटलं, आत्ताच, तुमच्या फाटकाजवळ.
त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, तिथे मीठ टाका म्हणून
मी दोन आठवडे सांगतेय यांना.
मग आम्ही तासभर पट्ट्यांविषयी बोललो,
ते कुठे झिजतात, झिजायच्या आधी आवाज करतात का.
करतात.

रविवारी फोन.
लागलं का गं काही?
हो, म्हटलं. थोडंसं.
पलीकडे श्वास अडकला,
भांडं खाली ठेवल्याचा आवाज.
गुडघ्याला, म्हटलं.
गप्प झाली. मग म्हणाली,
बर्फ लाव त्यावर.

कोट धुऊन खिडकीत टांगलाय.
उजव्या कोपराशी विरलाय, आतून ठिगळ दिलंय.
उद्या नऊला जसलीन.
खिशात ते पेन ठेवलंय,
लागलंच तर.